भूत राहू द्या, तो माणूस असा का वागला ते सांगा

भुताच्या मालिकांवर आपल्याकडं वाद निघाला की तो ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. एक म्हणतो अंधश्रद्धा पसरवायलेत, बंद करा. दुसरा म्हणतो अहो करमणूक आहे, रिमोट तुमच्याच हातात आहे, नका बघू. मग कुणीतरी दाभोलकरांचं नाव काढतं, लगेच दुसरा म्हणतो मग देवांच्या मालिका पण बंद करा की, आणि झालं, एकमेकाला शिव्या देऊन लोक जेवायला जातात. या वादात गंमत अशी की मालिका बहुतेक कुणी बघितलेलीच नसते.

जे रोज बघतात त्यांचं बोलणं एकदम वेगळं असतं. आमच्या गल्लीत संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या बायका भूत खरं का खोटं यावर एक मिनिट सुद्धा घालवत नाहीत. त्यांचं चाललेलं असतं, "पण ती गप कामून बसलीय? सांगून टाकायचं की नवऱ्याला." नाहीतर "एवढं सगळं डोळ्यानं बघून परत त्याच म्हाताऱ्याच्या पाया कशाला पडायलीय?" भूत त्यांनी पहिल्याच भागात मान्य करून टाकलेलं असतं, ते आरशात दिसो नाहीतर माळवदावर चालो. माणसाचं वागणं मात्र त्या मान्य करत नाहीत, त्याला कारण मागतात. आणि मला वाटतं तज्ज्ञ लोकांच्या चर्चेपेक्षा ओट्यावरची ही चर्चा जास्त बरोबर आहे. असल्या मालिकांचा दोष भूत दाखवणं हा नाहीच. माणसानं स्वतःच्या लोभापायी, भीतीपायी, जिरवाजिरवीपायी जे केलं त्याचं कारण भुताच्या नावावर चढवून टाकणं, सातबाऱ्यावर हळूच दुसऱ्याचं नाव चढवावं तसं, हा खरा दोष आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते एका जुन्या अमेरिकन मालिकेमुळं. पुण्याला शिकणाऱ्या भाचीनं 'डार्क शॅडोज'चे तुकडे दाखवले आणि मग मी सबटायटल लावून लावून बघत गेले. १९६६ च्या जूनमध्ये एबीसी चॅनेलवर सुरू झाली, १९७१ च्या एप्रिलमध्ये संपली, बाराशेच्या वर भाग. सोमवार ते शुक्रवार दुपारची वेळ, म्हणजे आपल्याकडच्या दुपारच्या रिपीट टेलिकास्टची. शाळा सुटली की पोरं पळत घरी जायची ही मालिका बघायला. मेन राज्यात समुद्राकाठी कॉलिन्सपोर्ट नावाचं काल्पनिक गाव, टेकडीवर कॉलिनवूड हा मोठा वाडा, मासळीच्या धंद्यातले श्रीमंत लोक, आणि तिथं गव्हर्नेस म्हणजे पोराला शिकवायला येणारी व्हिक्टोरिया, जी अनाथ आहे आणि आपले आईबाप कोण ते शोधायलीय. सेट हलतो, नट वाक्य विसरतात, मधेच माईक दिसतो. पण सुरुवातीचे कितीतरी महिने या मालिकेत धड भूत सुद्धा नाही आणि तरी भीती वाटते, याचं मला लई नवल वाटलं.

कारण तिथं प्रत्येकाला काहीतरी हवंय नाहीतर कशाचं तरी भ्या आहे. वाड्याची मालकीण एलिझाबेथ अठरा वर्षं घराच्या बाहेर पडलेली नाही. का? तर तिला वाटतंय की आपल्या हातून नवरा मेला आणि तो तळघरात पुरलाय. जेसन नावाचा माणूस येऊन तिला नेमकं यावरूनच पिळायला लागतो, पैसे घेतो, राहायला येतो, शेवटी लग्न कर म्हणतो. लग्नाच्या वेळी बाई सगळ्यांसमोर बोलून टाकते की मी नवऱ्याचा खून केलाय. तळघर खणतात. ट्रंक निघते, आत काहीच नाही. नवरा मेलेलाच नव्हता, तो आणि जेसन दोघांनी मिळून तिला फसवलं होतं पैशासाठी. अठरा वर्षं एक बाई एका रिकाम्या ट्रंकेवर पहारा देत बसली. ह्यात भूत कुठाय? पण अख्ख्या मालिकेत मला याच्याइतकं भयंकर दुसरं काही वाटलं नाही.

तसंच तो डेव्हिड, शाळकरी पोरगा, बापाच्या गाडीच्या ब्रेकचा पार्ट काढून ठेवतो. बाप मरावा म्हणून. ऐकायला राक्षस वाटतो, पण बाप त्याच्याशी कसा बोलतो ते बघितलं, आपल्याला इथून घालवून देणार हे त्या लेकराच्या डोक्यात कसं बसलंय ते बघितलं, की आपण त्याला माफ करत नसलो तरी समजून घेतो. आणि विली लूमिस, जो साखळ्या बांधलेली शवपेटी उघडतो आणि आतून हात येऊन त्याचा गळा धरतो. त्यानं ती पेटी कुठल्या शापानं, ग्रहणानं, अमावास्येनं उघडली नाही. आत दागिने असतील म्हणून उघडली. चोरी करायला गेला होता. सगळा अनर्थ एका माणसाच्या हव्यासातून सुरू होतो हे लेखकांनी सरळ दाखवलं, फिरवाफिरवी नाही.

त्या पेटीतून निघाला बार्नबस कॉलिन्स. १९६७ सालची गोष्ट. मालिकेचं रेटिंग बरं नव्हतं म्हणून थोडे दिवस एक व्हॅम्पायर, म्हणजे माणसाचं रक्त पिऊन जगणारा मुडदा, आणू असं ठरलं होतं म्हणे, पण प्रेक्षकांना तो इतका आवडला, पत्रांचे इतके ढीग आले, की त्याला मारणं जमेना. आणि इथं, माझ्या मते, मालिकेची नियत फिरली.

बघा ना, ह्या बार्नबसनं काय केलं. मॅगी नावाची हॉटेलात कॉफी देणारी गरीब घरची पोरगी, तिला पळवून नेलं, तळघरात कोंडलं, तिला आपल्या मेलेल्या प्रेयसीचे कपडे घालायला लावले, तू मॅगी नाहीस तू जोझेट आहेस म्हणून तिचं डोकं फिरवायला बघितलं. ती सुटली, वेड्यासारखी झाली, दवाखान्यात राहिली. तिथली डॉक्टर, ज्युलिया हॉफमन, हुशार बाई, तिला सगळं कळतं. आणि ती काय करते, तर बार्नबसला बरं करायचं म्हणून, संशोधनाच्या नादात आणि पुढं प्रेमात, मॅगीच्या मनातलं ते सगळं पुसून टाकते. ज्या बाईवर अत्याचार झाला तिलाच विसरायला लावलं. पुढं तीच मॅगी त्याच वाड्यात पोरांना सांभाळायला कामाला लागते आणि बार्नबसशी हसून बोलते! लोक म्हणतात काय गुंतागुंतीचं पात्र आहे बार्नबस, किती एकटा, किती दुःखी. असेल. पण तुमच्या हिरोला दुःखी दाखवायचं म्हणून दुसऱ्या बाईची आठवणच काढून घ्यायची, ही काय पद्धत झाली? मला तर ज्युलियाचा राग बार्नबसपेक्षा जास्त आला, आणि तरी सांगते, तिचं वागणं पटलं. म्हणजे असं वागणारी माणसं असतात. हुशार, शिकलेली, आणि एका माणसापायी बाकी सगळ्यावर पाणी सोडणारी.

मग मालिका १७९५ सालात जाते, बार्नबस व्हॅम्पायर कसा झाला ते सांगायला. त्याला शाप देणारी अँजेलिक ही मोलकरीण. आधी त्यानं हिच्याशी संबंध ठेवले, मग लग्न ठरवलं ते हिच्याच मालकिणीशी, जोझेटशी. आणि हिनं विचारलं तर त्याचं म्हणणं काय, तर ते सोडून दे आता. ती चेटूक करते, माणसं मारते, त्याच्या लहान बहिणीला सुद्धा त्रास देते, ते सगळं वाईटच, त्याला कुणी चांगलं म्हणणार नाही. पण मालिका दर वेळी सांगते की सगळ्याचं मूळ ही बाई. अरे, मूळ हिच्या आधी दोन पावलं मागं आहे ना? श्रीमंताच्या पोरानं मोलकरणीला वापरली तिथं आहे. ते लेखकांनी स्वतःच लिहिलंय आणि स्वतःच विसरलेत.

आता आपल्याकडं या. २०१६ ला झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आली तेव्हा सिंधुदुर्गातून कोकणची बदनामी म्हणून ओरड झाली आणि आम्ही मराठवाड्यात मजेत बघत बसलो, कारण भूत म्हटलं की कोकण असं आपलं ठरूनच गेलेलं. आम्हाला मालवणी अर्धी कळायची नाही. पण गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून कळली, कारण ती भुताची नव्हतीच. नाईकांचा वाडा, अण्णा मरतात, मुंबईहून पोरं येतात, आणि प्रश्न काय, तर वाटणी. कुणाला काय मिळणार. घरी राहून राबलेला भाऊ आणि शहरात जाऊन साहेब झालेला भाऊ, माहेरी येऊन पडलेली विधवा बहीण, सुनांच्या नजरा. हे तर आमच्याकडं प्रत्येक गावात आहे, फक्त माड नाहीत. तो घरगडी पांडू मधेच "इसरलंय" म्हणायचा आणि सगळे हसायचे, पण घरातल्या सगळ्यात जास्त गोष्टी त्यालाच माहीत असायच्या. मला ते फार आवडायचं.

नंतर हळूहळू काय झालं, तर ही वाटणी, हा हिशोब मागं पडला आणि सावल्या, आवाज, कुणाच्या तरी अंगात कुणीतरी, हे पुढं आलं. प्रत्येक माणूस दारामागून चोरून बघायलाय, प्रत्येकावर संशय, कॅमेरा तोंडापाशी, ढॅण करून आवाज. आज हा खुनी वाटतो, उद्या ती. याला रहस्य म्हणत नाहीत. रहस्यात माणसाला कारण असतं आणि ते आपल्यापासून लपवलेलं असतं. इथं बऱ्याचदा कारण लेखकालाच पांडूसारखं इसरलेलं असायचं.

२०१९ ला दुसरा भाग आला, तो मागच्या काळातला, अण्णा जिवंत असतानाचा. एका अर्थानं तो जास्त प्रामाणिक होता. अण्णा नाईक जमिनी हडपतो, माणसं मारतो, बायकांच्या मागं लागतो, घरात बायकोला, माईला, जनावरासारखं वागवतो, आणि हे सगळं तो जिवंतपणी, शुद्धीवर असताना, भर दिवसा करतो. कुठलं भूत त्याच्याकडून करून घेत नाही. इथं मालिकेनं भुताला कारण दिलं, की बाबा वाड्यात जे फिरतंय ते ह्या माणसाच्या कर्माचं आहे. चांगलं केलं. पण मग आपण प्रेक्षकांनी काय केलं? अण्णांचे मीम बनवले. अण्णा आणि त्याची बाहेरची बाई शेवंता, दोघांचे फोटो व्हॅलेंटाईनला फॉरवर्ड केले. लग्नाच्या ग्रुपवर "अण्णांसारखं जगायचं" म्हणून स्टेटस बघितलेत मी, तेही चांगल्या नोकरीवाल्या माणसांचे. माधव अभ्यंकरांनी काम ताकदीनं केलं यात वाद नाही, पण नट आवडणं वेगळं आणि पात्राला सूट देणं वेगळं.

आणि शेवंता? तिला मात्र सगळे विचारत होते, का गं बाई अशी. नवरा असून दुसऱ्याच्या मागं कशाला. दागिन्याचा, जमिनीचा हव्यास, रूपाचा माज. ओट्यावर सुद्धा हेच. आमच्या सासूबाई तर पडद्यावर ती आली की "आली बघा घरफोडी" म्हणायच्या. मी एकदा म्हणलं, "आत्याबाई, घर तर अण्णानं फोडलंय की." तर म्हणाल्या, "गड्याचं काय गं, गडी तसाच असतोय." ह्या एका वाक्यात सगळं आलं बघा. गडी तसाच असतो, म्हणजे त्याला कारण द्यायची गरज नाही, पाऊस पडतो तसा तो वागतो. बाईला मात्र कारण पाहिजे, आणि दिलेलं कारण पुरत पण नाही. शेवंताला काय हवं होतं हे मालिकेत स्पष्ट होतं, त्या माणसाच्या घरात नावानं मान हवा होता, लपूनछपून नको होता. अँजेलिकला पण हेच हवं होतं, समुद्रापलीकडं, पन्नास वर्षं आधीच्या मालिकेत. दोघी मरून परत येतात त्या यासाठीच. बाईनं सरळ मागणी केली तर ती जिवंतपणी ऐकायची नाही आणि मेल्यावर तिला हडळ करायची, हा दोन्हीकडचा लेखकांचा आवडता रस्ता.

पण माझं खरं लक्ष होतं माईकडं. शेवंता सगळ्यांना दिसते, माई कुणाला दिसत नाही. तिला सगळं माहीत आहे, नवरा कुठं जातो, कुणाला काय केलं, आणि ती गप आहे. अण्णा मेल्यावर पण गप. प्रेक्षक म्हणतात सोशिक, देवमाणूस. मला नाही पटत. माईच्या गप्प बसण्यामुळं किती जणांचं वाटोळं झालं हे पण मोजा ना. मला तिचा राग येतो आणि त्याच वेळी कळतं पण, की ती बोलून जाणार कुठं होती? माहेर नाही, हातात पैसा नाही, नावावर काही नाही. कॉलिनवूडची एलिझाबेथ अठरा वर्षं घरात बसली ती निदान वाड्याची मालकीण होती, सही तिची चालत होती. माई दारातून बाहेर पडली तर रस्त्यावर. दोघी घरात अडकलेल्या, पण एकीला खोट्या खुनाचं भ्या आणि दुसरीला खरे खून माहीत. ह्यावर मालिकेनं आठवडाभर थांबायला पाहिजे होतं. माईला एक भाग द्यायचा, जिथं भूत नाही, म्युझिक नाही, आणि तिनं फक्त सांगावं की मी का बोलले नाही. तसा भाग मला काही बघायला मिळाला नाही.

आता जरा आमच्या भागाकडं येते, कारण भूत म्हणजे कोकण असं आम्ही कितीही म्हणलं तरी भानामती ही आमचीच आहे. लातूर, धाराशिव, नांदेड, बीड, परभणी, कुठल्याही गावात जुन्या माणसाला विचारा. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे आपोआप पेटतात, अन्नात घाण सापडते, बाईच्या अंगावर फुल्या उठतात, बाया कुत्र्यासारख्या आवाज काढतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी मराठवाड्यात यावर गावोगाव मोहिमा काढल्या. त्यांची पद्धत मी ऐकली तेव्हा मला वाटलं, अरे, मालिका लिहिणाऱ्यांनी हे शिकायला पाहिजे. हे लोक घरात येऊन भूत आहे का नाही यावर वाद घालत बसत नाहीत. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं, एकेकट्याशी बोलतात. कोण कधी घरात असतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाची शाळा सुटली, कोणाचं लग्न मनाविरुद्ध ठरलंय, कोणाला माहेरी जाऊ दिलं नाही. आणि बहुतेक वेळा कळतं की हे करणारं माणूस घरातलंच आहे, आणि ते बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात दबलेलं माणूस आहे, सून नाहीतर वयात आलेलं लेकरू. त्याच्याकडून परत करणार नाही म्हणून शब्द घेतात, आणि त्याचं नाव कुणालाच सांगत नाहीत. घरच्यांना सुद्धा नाही. भानामती थांबते.

किती भारी गोष्ट आहे ही. इथं कारण शोधलं जातं पण कारण सापडल्यावर माणसाला फाशी दिली जात नाही. मालिकेत बरोबर उलटं चालतं, कारण कुणी शोधत नाही पण दोषी मात्र शेवटी पाहिजेच, आणि तो बहुतेक वेळा एखादी बाई निघते.

अंगात येण्याचं पण तेच. आमच्याकडं नवरात्रात, पौर्णिमेला बायकांच्या अंगात येतं, सगळ्यांनी बघितलेलं आहे. एरवी सासूसमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी सून अंगात आल्यावर सासूला अरेतुरे करते, "तू मला उपाशी ठेवलंस" म्हणते, आणि सासू तिच्या पाया पडते, दोन दिवस घर तिच्याशी नीट वागतं. मी देवीवर काही बोलत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण हे दिसतंय ना, की जिला बोलायची सोय नाही तिला त्या अर्ध्या तासात बोलता येतं? म्हणजे खऱ्या आयुष्यात अंगात येणं हे दबलेल्या माणसाचं हत्यार आहे. मालिकेत ते जोरकस माणसाची पळवाट होतं. पाटलानं मारलं ते त्याच्या अंगात आलं म्हणून, भावानं जाळलं ते शापामुळं. सूट कुणाला द्यायची ते बरोबर उलटं झालंय.

मग यातला धोका काय, तर उद्या लोक भुतावर विश्वास ठेवतील एवढाच नाही. जो ठेवायचा तो आधीच ठेवतोय. धोका असा की घरात एखादी बाई झोपत नाही, खात नाही, एकटीच बडबडते, तर तिला काय झालंय, कुणी काय केलंय हे विचारायची सवयच मोडते. बाहेरचं आहे म्हणून सैलानीच्या दर्ग्याला न्यायचं, बांधायचं, मिरचीची धुरी द्यायची. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एक सुद्धा नव्हतं, म्हणजे नांदेडच्या माणसानं कुठं जायचं ते तुम्हीच बघा. जवळ होता तो बाबाच. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारणं, धुरी देणं, दवाखान्यात जाऊ न देणं, हे सगळं गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. दाभोलकरांचा खून झाल्यावर मग हा कायदा आला, वीस ऑगस्टला त्यांना मारलं आणि त्याच महिन्यात वटहुकूम निघाला. मालिका या कायद्यात बसत नाही आणि बसू पण नये असं माझं मत आहे. कोर्टकचेरीनं गोष्टी सुधारत नाहीत, उलट लेखक भिऊन आणखी खोटं लिहितो. आणि ती खालची पट्टी, की आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही, ती तर सोडूनच द्या. दारूच्या बाटलीवर लिहिलेलं वाचून कुणी दारू सोडलीय का?

याच्यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं, की बाई, आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे असतात, गुरुवारी टीआरपी येतो, तो बघून पुढची गोष्ट बदलते, एवढा विचार करायला वेळ कुणाला आहे. खरं आहे. नट सोडून जातो, मग पात्र गायब करावं लागतं नाहीतर त्या जागी दुसरा आणावा लागतो, 'रात्रीस खेळ चाले'च्या तिसऱ्या पर्वात शेवंता बदललीच की. व्हिक्टोरियाचे आईबाप कोण हा 'डार्क शॅडोज'चा पहिल्या दिवसाचा प्रश्न, आणि ती नटी सोडून गेली तर शेवटपर्यंत उत्तर दिलंच नाही त्यांनी! पण घाई असली की काम बिघडतं हे मान्य केलं तरी घाईत सुद्धा एक गोष्ट जमते, प्रत्येक पात्राला काय पाहिजे हे एका ओळीत कागदावर लिहून भिंतीला लावायचं. विलीला दागिने पाहिजेत. डेव्हिडला घरात राहायचंय. शेवंताला मान पाहिजे. तेवढं असलं तर भाग कितीही ओढा, माणूस तुटत नाही. आणि ते नसलं की मग रोज रात्री नवीन भूत आणावं लागतं.

उलट मी म्हणते, आमच्याकडची एखादी मालिका करा की. कोकणातल्या वाड्याचा कंटाळा आला आता. मराठवाड्यात गावोगाव पडक्या गढ्या आहेत, अर्ध्या ढासळलेल्या पांढऱ्या मातीच्या, रात्री पोरं तिकडं जात नाहीत. निजामाच्या काळातले देशमुख, रझाकारांच्या दिवसात कोण कुणाच्या घरात लपलं आणि कुणी कुणाला दाखवून दिलं, १७ सप्टेंबर १९४८ नंतर कुणाचं काय झालं, मग १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा आणि कुळाला कळायच्या आत कागदं कशी फिरली. एका एका गढीखाली चार चार मालिका पुरलेल्या आहेत. तिथं भूत आणा, माझी काही हरकत नाही, मला भीती वाटून घ्यायला आवडते. फक्त त्या भुताला विचारा की तुला काय पाहिजे, आणि गढीतल्या जिवंत माणसाला पण तेच विचारा.

आणि त्यात बहीण पाहिजेच. पोरींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशात २००५ ला, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ चा कायदा आला तेव्हा बाप जिवंत असो नसो, पोरीचा हिस्सा जन्मापासूनचा. तरी गावात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. रक्षाबंधनाला नाहीतर दिवाळीला साडी घेऊन भाऊ येतो आणि परत जाताना हक्कसोडावर सही घेऊन जातो. ती सही बाई का करते? माहेर तुटू नये म्हणून. ह्याच्याइतकं जोरदार कारण कुठल्या व्हॅम्पायरकडं आहे मला दाखवा. आणि भाऊ ती सही कशी मागतो? तर "दादा स्वप्नात आले होते गं, म्हणाले जमिनीचे तुकडे करू नका." माझ्या ऐकण्यात अशी कितीतरी घरं आहेत. वारलेला बाप स्वप्नात येतो आणि जमिनीबद्दल बोलतो, आणि दर वेळी ज्या पोराच्या ताब्यात शेत आहे त्याच्याच स्वप्नात येतो. लेकीच्या स्वप्नात येऊन "बाई, तुझे चार एकर सोडू नकोस" म्हणालेला बाप मी तरी अजून ऐकला नाही.